पहाटे साडेतीनच्या नोंदी, जुना स्टोअरकीपर आणि युजर लॉग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या अंबडला सुटे भाग बनवणारा कारखाना, ईआरपीवर (साठा, खरेदी, बिलं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) तीसेक जण, तीन शिफ्ट, शनिवारी सुट्टी. दोन महिन्यांपासून टूल स्टोअरमधल्या कार्बाइड इन्सर्टचा (मशीनवर धातू कापणाऱ्या छोट्या पात्यांचा) साठा जुळत नाही; तीन आयटममध्ये रॅकवर १८, २७ आणि ५४ नग कमी भरले. मालकांनी तुम्हाला युजर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं याच्या नोंदी, काढायला लावला. तुम्ही डेटाबेसमधलं टेबल थेट एक्सेलमध्ये ओढलं, तर स्टोअरच्या लॉगिनवर पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला ढीगभर नोंदी सापडल्या, त्यातल्या कित्येक रद्द करून पुन्हा टाकलेल्या. आता मालकांचा डोळा जुन्या स्टोअरकीपरवर आहे. आणि तुम्ही विचारताय, की असले प्रकार आपोआप पकडणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि रोजच्या हजारो ओळी वाचायच्या कशा.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी त्या माणसाबद्दल कुणाशी एक शब्दही बोलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच दोन गोष्टी अशा आहेत, की मला हा चोरीचा प्रकार वाटत नाही. मी लांबून बोलतोय, तुमचा सर्व्हर पाहिलेला नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी तुम्ही स्वतः तपासायच्या. फार वेळ लागणार नाही.

पहिली गोष्ट वेळेची. बरीच वेब-आधारित सॉफ्टवेअर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतात, भारतीय वेळेत नाही. ओडू या ईआरपीची तर हीच पद्धत आहे: डेटाबेसमध्ये यूटीसी, आणि स्क्रीनवर दाखवताना ज्याच्या-त्याच्या टाइमझोनप्रमाणे बदल. तुमचं ईआरपी कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुम्ही स्क्रीनवरचा रिपोर्ट न काढता थेट टेबल उचललंत, म्हणजे हा बदल झालेलाच नसण्याची दाट शक्यता आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटेच्या साडेतीनमध्ये साडेपाच तास मिळवा, सकाळचे नऊ होतात. सकाळी नऊला तुमच्या स्टोअरच्या खिडकीवर केवढी गर्दी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

खात्री करायची तर स्वतः एक टेस्ट नोंद टाका, मोबाइलवरची वेळ लिहून ठेवा आणि तीच नोंद टेबलात शोधा. साडेपाच तासांचा फरक दिसला की विषय संपला. जुन्या नोंदींवरूनही हे पडताळता येतं, आणि त्याला तुमची शनिवारची सुट्टी कामाला येते. नोंदी खरोखर पहाटेच्या असतील, तर शुक्रवारी रात्री लागलेल्या तिसऱ्या शिफ्टच्या नोंदी शनिवारच्या तारखेखाली साडेतीनला दिसायला हव्यात, आणि रविवारच्या तारखेखाली काही नको, कारण शनिवारी रात्रपाळीच नव्हती. वेळ यूटीसी असेल तर बरोबर उलटं दिसेल: शनिवारी साडेतीनला शुकशुकाट आणि रविवारी साडेतीनला नेहमीची गर्दी.

याचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. यूटीसीत तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. म्हणजे रात्रपाळीत बारानंतर साडेपाचपर्यंत जे काही नोंदवलं जातं ते कच्च्या टेबलात आदल्या दिवसाखाली पडतं. त्यावरून कुणी 'रोजचा खप' असा तक्ता बनवत असेल तर तो शिफ्ट रजिस्टरशी कधीच जुळणार नाही, आणि बिचारा रात्रपाळीवाला दर महिन्याला बोलणी खात राहील. एक्सेलमध्ये एक जादा कॉलम करून साडेपाच तास मिळवा आणि इथून पुढे तोच कॉलम वापरा. मूळ कॉलमला हात लावू नका.

दुसरी गोष्ट तफावतीच्या आकड्यांची. १८, २७, ५४. तिन्ही नवाच्या पटीतले. इन्सर्ट डबीत येतात, साधारणपणे डबीत १० नग. आता समजा लाइनवरच्या माणसाने दोन डब्या नेल्या आणि इश्यू स्लिपवर (स्टोअरमधून माल दिल्याच्या नोंदीवर) संख्या पडली २, पण युनिट राहिलं 'नग'. रॅकवरून २० गेले, संगणकात २ कमी झाले, तफावत १८. तीन डब्यांना २७, सहा डब्यांना ५४. कुणी डब्या खिशात घालत असता तर कमी भरलेले नग १०, २०, ५० असे आले असते, आणि सुटे उचलत असता तर आकडे कसेही आले असते. नवाचा पट बघितला की जुने हिशेबनीस आणखी एक गोष्ट तपासतात: आकड्यांची अदलाबदल. ६३ च्या जागी ३६ पडले तरी फरक २७ येतो. तेव्हा डबी-नग की अदलाबदल, हे स्लिपा बघून ठरवा. पण दोन्ही टाइप करण्यातल्या चुका आहेत, हात मारण्यातल्या नाहीत.

आणि तुम्ही चिकटवलेल्या ओळींमध्येच त्याचा माग आहे. त्यातल्या तीन पुन्हा देतो, फक्त वेळेत साडेपाच तास मिळवून:

०९:११, लॉगिन 'स्टोअर', इश्यू स्लिप तयार, संख्या २, युनिट नग
०९:१२, लॉगिन 'स्टोअर', स्लिप रद्द
०९:१३, लॉगिन 'स्टोअर', नवी स्लिप, तोच आयटम, संख्या २, युनिट डबी

मालकांना इथे लपवाछपवी दिसली. मला इथे एक माणूस दिसतो, जो स्लिप टाकतो, युनिट चुकल्याचं लक्षात येतं, तुमच्या ईआरपीत स्लिप दुरुस्त करायची सोय नाही म्हणून रद्द करून पुन्हा टाकतो. म्हणजे ज्या चुका त्याच्या लक्षात आल्या त्या लॉगमध्ये रद्द झालेल्या दिसतात, आणि ज्या आल्या नाहीत त्या रॅकवर तफावत म्हणून दिसतात. आता सकाळी नऊला स्टोअरमध्ये जाऊन पंधरा मिनिटं नुसतं मागे उभं राहा. आयटम बदलला की युनिटचा रकाना आपोआप 'नग'वर उडी मारतो का, एवढंच बघा. मारत असेल, तर आयटम मास्टरमध्ये (ईआरपीतल्या वस्तूंच्या मूळ यादीत) इन्सर्टचं इश्यू युनिट एकच ठेवा, स्लिपवर आयटमशेजारी 'डबी = १० नग' असं दिसू द्या, आणि ठरावीक संख्येच्या वर किंवा खाली गेलं की स्क्रीनने एकदा विचारावं अशी सोय व्हेंडरकडून करून घ्या. पुढच्या महिन्यात रद्द स्लिपांची संख्या कमी झाली का ते त्याच लॉगमध्ये कळेल. मी लॉग बघतो तो मुख्यतः यासाठी. रद्द नोंदींचा ढीग जिथे साचतो, तिथली स्क्रीन, नाहीतर कामाची पद्धत बिघडलेली असते.

समजा माझे दोन्ही अंदाज चुकले आणि नोंदी खरंच पहाटेच्या निघाल्या. तरीही तुम्ही त्या जुन्या स्टोअरकीपरचं नाव घेऊ शकत नाही, कारण लॉगिनचं नाव 'स्टोअर' आहे. तीन शिफ्टला मिळून एकच. लॉग सांगतो की त्या लॉगिनने काय केलं. खुर्चीत कोण होतं ते त्याला माहीत नाही. नाशकात सातपूर, अंबड, सिन्नर कुठेही जा, मध्यम कारखान्यांत हेच चित्र दिसतं, आणि कारण बहुतेक वेळा लायसन्सचे पैसे. माणशी लायसन्स असेल तर मालक तीन माणसांत एक आयडी भागवतात. व्हेंडरला विचारा, एका वेळी किती जण आत आहेत यावर चालणारं लायसन्स मिळतं का. मिळालं तर आयडी कितीही काढता येतात. ते नसेल तर निदान टूल स्टोअर, आवक आणि बिलिंग या तीन जागी तरी स्वतंत्र आयडी काढा. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघता येईल.

शॉप फ्लोअरवर लांबलचक पासवर्ड चालत नाही हेही आधीच धरून चला. हाताला ऑइल असतं, मागे चार जण उभे असतात. पासवर्ड मॉनिटरला चिकटवला जाणारच. तिथे हजेरीच्या कार्डावरचा बारकोड आणि चार आकडी पिन ही जोडी बरी पडते. शिवाय काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर आपोआप लॉगआउट. हे न करता लॉगवर मेहनत घेणं म्हणजे सगळ्यांनी एकाच नावाने सह्या केलेलं हजेरीपुस्तक तपासण्यासारखं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, वाचायचं काय. हे तुमचं ईआरपी काय नोंदवतं यावर अवलंबून आहे. काही सॉफ्टवेअर फक्त लॉगिन-लॉगआउट ठेवतात. काही शेवटचा बदल कुणी केला तेवढंच ठेवतात, म्हणजे तिसऱ्याने हात लावला की दुसऱ्याचा माग पुसला जातो. उपयोगाचा लॉग तो, ज्यात बदलाआधी काय होतं आणि बदलानंतर काय झालं हे दोन्ही असतं. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते आधी बघा. तिसरा नसेल तर व्हेंडरला सांगून मास्टर आणि व्यवहारांच्या टेबलांपुरता सुरू करून घ्या. प्रत्येक स्क्रीन उघडल्याची नोंद ठेवू नका. सर्व्हर हळू होतो आणि कामाच्या ओळी त्या गर्दीत हरवतात.

मग पहिला महिनाभर काही पकडायला जाऊ नका. फक्त नेहमीचं काय असतं ते लिहून काढा: कोणता आयडी कोणत्या तासाला, कोणत्या मशीनवरून, दिवसाला साधारण किती स्लिपा, किती रद्द. एक्सेलमधलं पिव्हॉट टेबल (नोंदींची गटवार मोजणी करणारा तक्ता) पुरतं. महिनाअखेरीला दुरुस्त्या वाढतात, ते नेहमीचंच. दिवाळीआधी बिलिंगवाले उशिरापर्यंत बसतात, तेही नेहमीचंच. नेहमीचं माहीत नसलं की प्रत्येक ओळ संशयास्पद दिसते, आणि तुमच्या मालकांचं नेमकं तेच झालंय.

त्यानंतर आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास. सगळ्या ओळी मी कधीच वाचत नाही. ठरावीक प्रश्न विचारून ओळी गाळून घेतो, आणि त्यातले काही इथे सांगतो.

सगळ्यात जास्त मला मागच्या तारखेच्या नोंदी सांगून जातात. व्यवहाराची तारीख आणि नोंद प्रत्यक्ष टाकल्याची वेळ, या दोन कॉलमची वजाबाकी करा आणि उतरत्या क्रमाने लावा. एक-दोन दिवसांचा फरक सगळीकडे असतो. ट्रक संध्याकाळी उशिरा आला, चलन दुसऱ्या दिवशी चढलं. पण दहा-बारा दिवसांचा फरक असलेली आवक दिसली की चलन मागवायचं. बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं: क्वालिटीवाल्याने मंजुरी द्यायला वेळ लावला, किंवा माल जॉब वर्कला (बाहेरच्या कारखान्याकडे प्रक्रियेला) परस्पर गेला आणि कागद मागून आले. पण तेच उत्तर तिसऱ्यांदा मिळालं, तर ते निमित्त नाही, तुमची पद्धतच तशी आहे असं समजायचं आणि क्वालिटीच्या माणसाशी बोलायचं. ज्या महिन्याचा स्टॉक मोजून सही झालेली आहे त्या महिन्यात मागची तारीख घालताच येऊ नये, असं कुलूप जवळपास प्रत्येक ईआरपीत असतं. ते लावलेलं मात्र फार कमी ठिकाणी दिसतं.

दुसरा प्रश्न पुरवठादाराच्या मास्टरचा, आणि यात मी कुणाचीही भीड धरत नाही. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलला आणि त्यानंतर लगेच पेमेंट गेलं, अशी जोडी दिसली की त्याच दिवशी चौकशी. इथे गुन्हेगार आतलाच असेल असं नाही. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो, 'आमचं खातं बदललं आहे', पत्ता एका अक्षराने वेगळा असतो, अकाउंट्समधली मुलगी विश्वासाने बदल करते आणि पैसे भलतीकडे जातात. नियम एकच: खातं बदलायचं असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर फोन करायचा, ईमेलमधल्या नंबरवर नाही, आणि बदल एकाने टाकायचा, मंजूर दुसऱ्याने करायचा. खातं बदलल्यापासून दोन दिवस त्या पुरवठादाराला पेमेंट अडवून ठेवता आलं तर आणखी चांगलं. पैसे गेल्यावर लॉग नुसती हकिगत सांगतो. तुम्हाला इशारा हवाय, म्हणून ही एक नोंद आठवड्याची वाट न बघता त्याच क्षणी ईमेलने मालकांकडे जाऊ द्या.

दराच्या मास्टरमध्ये असाच एक नमुना असतो. दर बदलला, एक पर्चेस ऑर्डर निघाली, दर परत पूर्वीसारखा झाला. नुसता शेवटचा दर बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आधीचं-नंतरचं दोन्ही ठेवणारा लॉग असेल तरच या तीन ओळींचं त्रिकूट सापडतं, आणि हे दिसलं तर मी ते टंकनदोष म्हणून सोडत नाही.

बाकी थोडक्यात: मंजुरीनंतर बदललेली कागदपत्रं, एकाच आयडीचं एकाच वेळी दोन मशीनवर असणं, कुणाचे अधिकार वाढवले गेले, नोकरी सोडलेल्या माणसाचा आयडी अजून चालतोय का, आणि ग्राहकांची किंवा दरांची पूर्ण यादी कुणी एक्स्पोर्ट केली. शेवटचं राजीनाम्याच्या आसपास बघायचं.

ईआरपीच्या बाहेर विंडोज सर्व्हरचा स्वतःचा सिक्युरिटी लॉग असतो. त्यात प्रत्येक प्रकारच्या घटनेला क्रमांक असतो: ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे यशस्वी, ४७४० म्हणजे खातं लॉक झालं. ४६२५ चा पाऊस दिसला की घाबरायच्या आधी लय बघा. दिंडोरीकडे एका पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या हंगामात रात्रभर दर दहा मिनिटांनी एकाच नावाने फसलेलं लॉगिन दिसत होतं. सगळ्यांनी हॅकर-हॅकर केलं. ते हजेरीचं सॉफ्टवेअर होतं, जुना पासवर्ड घेऊन इमानेइतबारे दार ठोठावणारं. घड्याळासारखी नियमित लय म्हणजे बहुधा आपलंच एखादं यंत्र. याउलट प्रत्येक सेकंदाला नवं नाव, 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'बॅकअप', आणि आयपी पत्ता बाहेरचा, असं दिसलं तर तुमचं रिमोट डेस्कटॉप (सर्व्हर दुरून चालवायची सोय) इंटरनेटला उघडं आहे; त्याचं दार म्हणजे पोर्ट ३३८९. सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा हा आवडता रस्ता. हे दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो पोर्ट बंद करा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतूनच, आत येऊ द्या. आणि अशा शेकडो फसलेल्या ओळींच्या मागून त्याच पत्त्यावरून एखादी ४६२४ आलेली असेल, तर सर्व्हर नेटवर्कवरून काढा आणि जाणकाराला बोलवा.

हा लॉग किती दिवसांचा आहे तेही बघा. विंडोजमध्ये सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबी असतो. भरला की नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. गर्दीच्या सर्व्हरवर तेवढ्यात काही दिवसच मावतात, आणि साठ्याची तफावत मात्र दोन महिन्यांनी उघडकीला येते. आकार वाढवा आणि रोजची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपावेत असं आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवावीत असंही. घड्याळाचं कलम लोक हसण्यावारी नेतात. पण लाइनवरच्या जुन्या पीसीची बॅटरी गेलेली असते, त्याची वेळ तासभर मागे असते, आणि मग नोंद आधी की गेट पास आधी यावर मीटिंगमध्ये भांडणं होतात. नोंदीची वेळ नेहमी सर्व्हरची घ्यायची, पीसीची कधीच नाही.

हिशेब टॅलीत असतील तर तिथला एडिट लॉग वेगळा विषय. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात की भागीदारी फर्म, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कंपनी असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणं बंधनकारक आहे, आणि ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. हिशेबाची पुस्तकं कंपनीला आठ वर्षं जपावी लागतात, तेव्हा हा माग जपण्याबद्दलही सीएंशी बोलून घ्या. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी फर्मला ही सक्ती नाही, पण सोय आहे तर चालू ठेवायला काय हरकत आहे.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत: आत्ता घेऊ नका. सर्व्हर आणि नेटवर्कच्या लॉगसाठी वाझूसारखी मोफत, ओपन सोर्स साधनं आहेत, आणि तुमच्याकडे ती सांभाळायला माणूस असेल तर जरूर बसवा. पण डबी आणि नग यांतला घोळ कुठलंही साधन सांगणार नाही. ते तुम्हाला '१७ असामान्य घटना' असा लाल फलक दाखवेल, आणि मालक पुन्हा त्याच माणसाकडे बोट दाखवतील. स्वतंत्र आयडी, जुळलेली घड्याळं आणि महिनाभराचा अंदाज हे हातात आल्यावर साधनाचा विचार करा.

माणसांना याबद्दल उघड सांगा. एक पानाची सूचना लावा: ईआरपीत काय नोंदवलं जातं, कोण बघतं, कशासाठी बघतं. स्क्रीनचे फोटो आणि कीबोर्डवरचं प्रत्येक बटण नोंदवणारी सॉफ्टवेअर विकायला बरेच जण येतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. त्यातून पासवर्ड आणि लोकांचे खासगी निरोप तुमच्या डिस्कवर येऊन पडतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर असला साठा बाळगणं म्हणजे विकतचं दुखणं. दुसरं, लॉगचा वापर कोण किती वेळ जागेवर नव्हता हे मोजायला करू नका. एकदा का लोकांना तसं वाटलं, की दर पाच मिनिटांनी उगाच एक स्क्रीन उघडून ठेवायला शिकतात, आणि तुमचा महिनाभराचा अंदाज मातीत जातो. विचारायला जाल तेव्हा 'ही नोंद तुम्ही का रद्द केलीत?' असं विचारू नका. 'ही नोंद करताना स्क्रीनवर काय होतं, जरा दाखवता का दादा?' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माणूस खुर्ची पुढे सरकवतो.

एवढं करूनही खरी चोरी निघाली तर? मग लॉगवर काम करणं त्या क्षणी थांबवा. मूळ फाइलची प्रत काढा, तिची हॅश व्हॅल्यू (मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) नोंदवून ठेवा, प्रत कुणी, कधी, कोणाच्या समोर काढली ते लिहून सह्या घ्या, आणि मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. प्रकरण पुढे गेलं तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू मागितलेली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बीची जागा यानं घेतली आहे. पुढचं वकिलांवर सोडा.

एक राहिलं, आणि ते तुम्हाला थोडं टोचेल. तीसेक जणांचे लॉग तुम्ही बघणार. तुमचे कोण बघणार? डेटाबेसचा पासवर्ड तुमच्याकडे, सर्व्हर तुमच्याकडे, लॉग पुसायची ताकदही तुमच्याकडे. उद्या स्टोअरकीपरने 'यांनीच नोंदी बदलल्या' म्हटलं तर तुमच्याकडे काय उत्तर आहे? म्हणून मालकांना सांगायची पहिली मागणी तुमच्याच खात्याबद्दल असू द्या. रोजच्या कामाला साधा आयडी, अ‍ॅडमिन आयडी फक्त गरजेपुरता, आणि तो का वापरला याची एका ओळीची नोंद वहीत. लॉगची रोजची प्रत ज्या मशीनवर जाते त्याचा पासवर्ड तुमच्याकडे नको, अकाउंट्सच्या प्रमुखांकडे किंवा सीएंकडे असू द्या. विंडोजचा सिक्युरिटी लॉग कुणी साफ केला की ११०२ क्रमांकाची नोंद आपोआप पडते. तिचा ईमेल थेट मालकांना जाईल असं लावून टाका. महिन्यातून एकदा अ‍ॅडमिन खात्याच्या ओळी छापून त्यांच्या टेबलावर ठेवा. दहा-पंधराच्या वर नसतील. त्यांना त्या समजल्या नाहीत तर वही उघडून एकेक ओळ समजावून सांगा आणि कागदावर त्यांची सही घ्या.